आभासी सागराचा आवाज किती खरा?

पाणबुडीविरोधी युद्धनौकांची संख्या वेगाने वाढत आहे. मात्र या नौकांवरील सोनारचालक प्रथम घडतात ते किनाऱ्यावरील एका खोलीत, संगणकाने रचलेल्या समुद्रात. हा आभासी समुद्र आपल्या खऱ्या समुद्राशी किती प्रामाणिक आहे, हा प्रश्न नौकांच्या संख्येइतकाच महत्त्वाचा आहे.

उथळ पाण्यात पाणबुड्यांचा शोध घेण्यासाठी बांधलेली 'माहे' ही युद्धनौका २४ नोव्हेंबर २०२५ रोजी मुंबईत नौदलात दाखल झाली. त्याआधी १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणम येथे याच कामासाठीची 'अर्नाळा' दाखल झाली होती. वसईसमोरील जलदुर्गाचे नाव तिला देण्यात आले आहे. २०१९ मध्ये झालेल्या करारांनुसार अशा एकूण १६ नौका बांधण्याचे ठरले. आठ कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीकडे आणि आठ कोची शिपयार्डकडे. पाण्यात सोनार सोडून पाणबुडीचा माग काढणाऱ्या एमएच-६० आर हेलिकॉप्टरांचे पहिले पथक मार्च २०२४ मध्ये कोचीत कार्यान्वित झाले. माझगाव गोदीत बांधलेल्या कलवरी वर्गातील सहावी पाणबुडी 'वाघशीर' १५ जानेवारी २०२५ रोजी नौदलाकडे आली.

अशा प्रत्येक समारंभानंतर नौकेची लांबी, वजन, वेग आणि तिच्यावरील शस्त्रे यांची यादी प्रसिद्ध होते. या यादीत एक गोष्ट कधीच नसते. पाणबुडी आणि पाणबुडीविरोधी नौका यांच्यातील सामना शस्त्रे सुटण्यापूर्वीच पुष्कळसा निकाली निघालेला असतो, आणि तो निकाल कानात हेडफोन घालून पडद्यापुढे बसलेल्या सोनारचालकाच्या आकलनावर अवलंबून असतो. समुद्राच्या गोंगाटातून आलेला एखादा क्षीण स्वर पाणबुडीचा की मालवाहू जहाजाचा, प्रतिध्वनी पोलादी कवचावरून परतला की तळाच्या खडकावरून, हे त्याला ठरवायचे असते आणि त्यासाठी मिळणारा अवधी मिनिटांत मोजावा लागतो.

ही पारख प्रत्यक्ष समुद्रावरच पुरती शिकवावी, हे तत्त्वतः योग्य असले तरी व्यवहारात अशक्य आहे. सरावासाठी पाणबुडी हवी, ती शोधणारी नौका हवी, हेलिकॉप्टर हवे आणि या साऱ्यांना एकाच वेळी अन्य कामांतून मोकळीक हवी. शिवाय, प्रतिस्पर्ध्याची पाणबुडी सरावासाठी कोणीच आणून देणार नाही. म्हणूनच जगातील प्रमुख नौदले पाण्याखालील ध्वनिसंकेत संगणकावर त्या त्या क्षणी निर्माण करणारी यंत्रणा, म्हणजेच सोनार सिम्युलेटर, वापरतात.

'खुकरी'चा धडा

या विषयाचे महत्त्व भारतीय नौदलाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात पाकिस्तानच्या 'हंगोर' या पाणबुडीने डागलेल्या पाणतीराने 'आयएनएस खुकरी' अवघ्या काही मिनिटांत बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिकांना वीरमरण आले. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने बुडवलेली ही पहिली युद्धनौका होती.

'खुकरी' आणि तिची सहकारी 'कृपाण' या नौका त्या दिवशी पाणबुडीच्याच शोधात निघाल्या होत्या, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. शोधणारा आंधळा आणि ज्याचा शोध चालला आहे तो डोळस, अशी ती विषम स्थिती होती. पाणबुडीला वरच्या नौकांच्या यंत्रांचा आवाज दुरून ऐकू येत होता, तर नौकांवरील त्या काळच्या ब्रिटिश बनावटीच्या सोनारचा पल्ला अरबी समुद्राच्या उष्ण पाण्यात तोकडा पडत होता. हा पल्ला वाढविण्याच्या एका प्रयोगाची चाचणी 'खुकरी'वर सुरू होती आणि त्यासाठी नौकेचा वेग कमी ठेवण्यात आला होता, अशी नोंद नौदलाच्या इतिहासात आहे.

युद्धानंतर या उणिवेवर उपाय शोधणाऱ्यांमध्ये आरोग्यस्वामी पॉलराज हे तरुण नौदल अधिकारी होते. लोणावळ्याच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते दिल्लीच्या आयआयटीत संशोधन करीत होते. जुन्या ब्रिटिश सोनारमध्ये सुधारणा करण्याचे काम त्यांनी केले आणि पुढे कोचीच्या नौदल भौतिक व सागरविज्ञान प्रयोगशाळेत 'अप्सोह' या देशी सोनारच्या उभारणीचे नेतृत्व केले. गोदावरी वर्गाच्या युद्धनौकांवर हे सोनार बसविण्यात आले. बिनतारी संदेशवहनातील संशोधनासाठी २०१४ चे मार्कोनी पारितोषिक मिळविणारे पॉलराज ते हेच. पाण्यातील क्षीण ध्वनी वेचून काढण्याचे गणित आणि हवेतील रेडिओलहरींचे गणित यांचे किती जवळचे नाते आहे, याचाही हा पुरावा होय.

सोनार सुधारले, ते देशातच बनू लागले. त्यानंतर प्रश्न उरला तो ते वापरणाऱ्या माणसाचा.

दुपारच्या झोपेचा आळ

पाण्यात प्रकाश फार दूर जात नाही, रेडिओलहरी तर लगेचच विरतात. ध्वनी मात्र पाण्यात हवेच्या सुमारे साडेचारपट वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने धावतो. १८२६ मध्ये कोलादाँ आणि स्टुर्म या दोघांनी जिनिव्हाच्या सरोवरात पाण्याखाली घंटा वाजवून हा वेग मोजला होता. परंतु हा वेग स्थिर नसतो. पाणी तापले की तो वाढतो, खारटपणा वाढला की वाढतो आणि खोलीबरोबर दाब वाढला तरी वाढतो. तापमान एका अंशाने बदलले तर वेगात दोन ते चार मीटरचा फरक पडतो. तो ऐकायला किरकोळ वाटतो. पण वेग बदलला की ध्वनीची वाट वाकते, आणि ती नेहमी कमी वेगाच्या थराकडे वाकते.

याचा परिणाम काय होतो, हे १९३० च्या दशकात अमेरिकी नौदलाला क्यूबाच्या ग्वांतानामो उपसागरात कळले. सकाळी उत्तम चालणारे सोनार दुपारी निकामी झाल्यासारखे वागत असे. जेवणानंतर सोनारचालकांना डुलकी लागत असावी, असाही संशय तेव्हा व्यक्त झाल्याचे सांगितले जाते. वूड्स होल संस्थेचे सागरशास्त्रज्ञ कोलंबस इझेलिन यांनी पाण्याचे तापमान मोजले तेव्हा खरे कारण उघड झाले. उन्हाने पाण्याचा वरचा थर एक-दोन अंशांनी तापत होता. त्यामुळे ध्वनीची वाट खाली वाकत होती आणि काही अंतरापलीकडे ध्वनी पोहोचतच नसे असा 'सावलीचा प्रदेश' तयार होत होता. तेथे दडलेल्या पाणबुडीवर ध्वनीचा आघातच होत नसे, मग प्रतिध्वनी परतणार कोठून? त्याच सुमारास अथेलस्टन स्पिलहॉस यांनी चालत्या जहाजावरून खोलीनुसार तापमान नोंदणारे उपकरण विकसित केले. पाणबुडीच्या कप्तानासाठी हे ज्ञान म्हणजे लपण्याची जागा आहे, तर तिच्या शोधकासाठी तोच इशारा आहे.

सिम्युलेटर पारखण्याची पहिली कसोटी या प्रसंगातच आहे. खोट्या समुद्रात दुपार होते का? सकाळच्या सरावात आठ किलोमीटरवर सापडणारी पाणबुडी, पाणी तापल्यावर तीन किलोमीटरवरही सापडेनाशी होते का? होत नसेल, तर ते यंत्र शिकणाऱ्याला वास्तवाहून सोपा समुद्र शिकवीत आहे.

आवाजाची कुंडली

सोनार दोन प्रकारे काम करते. सक्रिय सोनार स्वतः ध्वनीचा स्पंद सोडून प्रतिध्वनीची वाट पाहते. १५ किलोमीटरवरील पाणबुडीवरून तो परत येण्यास २० सेकंद लागतात. दरम्यान, आपण कोठे आहोत हे साऱ्या समुद्राला कळलेले असते. दुसरे निष्क्रिय सोनार. ते केवळ ऐकते. पाणबुड्या प्रामुख्याने यावरच भिस्त ठेवतात.

ऐकण्याच्या या कलेत प्रत्येक जहाजाची एक कुंडली असते. पाच पात्यांचा पंखा मिनिटाला १२० फेरे घेत असेल, तर पात्यांचे आघात सेकंदाला दहा होतात. पंख्याभोवती पाणी फुटून बुडबुड्यांचा जो फुसफुसाट होतो, तो याच तालावर चढतो आणि उतरतो. अनुभवी कान या तालावरून पात्यांची संख्या आणि फेऱ्यांचा वेग सांगू शकतो. पंप, जनित्रे, दंतचक्रे यांचे ठरावीक कंप्रतेचे स्वर त्यात मिसळलेले असतात. जहाज दहा नॉट वेगाने आपल्याकडे येत असेल, तर ३०० हर्ट्झच्या स्वरात जेमतेम एका हर्ट्झची वाढ होते. एवढ्याशा फरकावरून ते जवळ येत आहे की दूर जात आहे, हे ओळखायचे असते.

या स्वरांभोवती समुद्राचा स्वतःचा गोंगाट असतो. दूरवरच्या जहाजांची घरघर, वाऱ्याने फुटणाऱ्या लाटा, पाऊस, मासे, देवमासे आणि उष्ण उथळ पाण्यात अखंड कडकडणारी कोळंबीची एक जात. या पार्श्वध्वनीच्या पातळ्यांचे आलेख गॉर्डन वेन्झ यांनी १९६२ मध्ये मांडले आणि आजही ते अभ्यासकांच्या हाताशी असतात. सक्रिय सोनारच्या बाबतीत आणखी एक भर पडते. सोडलेला स्पंद पृष्ठभाग, तळ आणि पाण्यातील सूक्ष्म जीवांवरून विखुरला जाऊन निनाद होऊन परततो. खरा प्रतिध्वनी बहुधा याच निनादात बुडालेला असतो.

समुद्र क्षणोक्षणी रचताना

सोनार शिकविण्याची सर्वात सोपी पद्धत म्हणजे जुनी ध्वनिमुद्रणे ऐकविणे. आवाज ओळखण्याचे प्राथमिक धडे त्यांवर आजही देता येतात. मात्र ध्वनिमुद्रण शिकणाऱ्याला प्रतिसाद देत नाही. त्याने नौका वळवली, वेग कमी केला, सोनार अधिक खोल सोडले, तरी मुद्रित समुद्र तोच राहतो. पाणबुडीचा शोध हा तर हालचालींचा खेळ आहे. म्हणूनच आवाज त्या क्षणी, त्या स्थितीनुसार नव्याने घडवावा लागतो.

दुसरी पद्धत आहे पडद्यावर हवे ते चित्र थेट रेखाटण्याची. गणित सांगते पाणबुडी येथे आहे, म्हणून त्या जागी ठिपका दाखवायचा. हे स्वस्त आहे आणि डावपेच शिकविण्यास पुरेसेही आहे. पण ठिपका आणि गोंगाट यांतील निवड येथे यंत्रानेच केलेली असते. चालकाने जी पारख करायची, तीच त्याच्याकडून काढून घेतलेली असते.

तिसरी आणि सर्वात कठीण पद्धत म्हणजे सोनारच्या प्रत्येक हायड्रोफोनवर, म्हणजे पाण्याखालील प्रत्येक मायक्रोफोनवर, समुद्रात जो संकेत आला असता तोच तयार करून सोनारच्या खऱ्या संस्करण यंत्रणेत सोडायचा. मग दिशा शोधणे, गोंगाट गाळणे, पडद्यावर रेषा उमटविणे ही कामे खरे सोनारच करते. नवे सोनार नौकेवर चढविण्यापूर्वी गोदीतच तपासण्यासाठीही हीच पद्धत उपयोगी पडते.

यासाठी किती गणित करावे लागते, हे एका उदाहरणावरून ध्यानात येईल. समजा, सोनारमध्ये १०० हायड्रोफोन आहेत आणि प्रत्येकावर सेकंदाला ३२ हजार नमुने लागतात. म्हणजे दर सेकंदाला ३२ लाख नमुने. परिसरात २० जहाजे आहेत आणि प्रत्येकाचा आवाज सरळ, पृष्ठभागावरून, तळावरून अशा पाच वाटांनी पोहोचतो. प्रत्येक नमुन्यात या १०० ध्वनींची बेरीज करायची, म्हणजे ३२ कोटी क्रिया झाल्या. प्रत्येक ध्वनीचा विलंब नमुन्याच्या अपूर्णांकापर्यंत अचूक साधण्यासाठी १६ गुणाकार धरले, तर हा आकडा सेकंदाला ५१२ कोटींवर जातो. गोंगाट आणि निनाद यांचा हिशेब अजून यात धरलेलाच नाही.

शिवाय हे काम नुसते जलद होऊन भागत नाही, ते वेळेवर व्हावे लागते. नमुने १०२४ च्या गठ्ठ्यांनी तयार होत असतील, तर प्रत्येक गठ्ठा ३२ मिलिसेकंदांत तयार झालाच पाहिजे. एकही गठ्ठा उशिरा आला, की कानात 'टक्' असा आवाज येतो आणि आभासी समुद्राचे बिंग फुटते. म्हणून अभियंते कामाची विभागणी करतात. समुद्राची स्थिती सावकाश बदलते, त्यामुळे ध्वनीच्या वाटा शोधण्याचे अवघड गणित सेकंदा-दोन सेकंदांनी एकदाच केले जाते. त्यातून मिळालेले विलंब आणि तीव्रता यांचे आकडे मधल्या प्रत्येक नमुन्यासाठी सलगपणे बदलत नेले जातात. जहाज जवळ येताना विलंब हळूहळू घटतो आणि स्वर आपोआप किंचित चढतो. त्यासाठी वेगळी युक्ती करावी लागत नाही. एखादी वाट सावलीच्या प्रदेशात शिरून बंद झाली, तर तिचा आवाज एकाएकी न तोडता विरत न्यावा लागतो.

पूर्वी या कामासाठी खास संकेत-संस्करण यंत्रांची कपाटे भरावी लागत. आता चित्रखेळांसाठी विकसित झालेल्या ग्राफिक्स प्रोसेसरांनी हा अडसर बराच दूर केला आहे. ध्वनीच्या वाटा काढणारा 'बेलहॉप'सारखा संगणकीय कार्यक्रमही संशोधकांना खुला आहे. एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रयोगशाळाही आज साधा आभासी समुद्र उभारू शकेल. थोडक्यात, गणनशक्ती ही आता मुख्य अडचण राहिलेली नाही. या गणिताला पुरविली जाणारी माहिती ही खरी अडचण आहे.

आपला समुद्र वेगळा

ही माहिती बाहेरून विकत घेता येत नाही, कारण आपल्या भोवतीचा समुद्र उत्तर अटलांटिकसारखा नाही. किंबहुना आपल्या दोन किनाऱ्यांवरील समुद्रही एकमेकांसारखे नाहीत. अरबी समुद्रात बाष्पीभवन अधिक, त्यामुळे पाणी अधिक खारट. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेसह मोठ्या नद्यांचे गोडे पाणी येऊन मिळते आणि पृष्ठभागावर कमी खारट पाण्याचा पातळ थर पसरतो. हिवाळ्यात तेथे वर थंड आणि खाली उबदार असा उलटा क्रमही आढळतो. विशाखापट्टणमच्या समुद्रात तयार झालेला कान मुंबईच्या समुद्रात जसाच्या तसा चालत नाही, तो यामुळेच.

मुंबईसमोरचा भूखंडमंच दोनशे किलोमीटरहून अधिक रुंद असून त्यावरील पाणी उथळ आहे. उथळ पाण्यात ध्वनी पृष्ठभाग आणि तळ यांच्यामध्ये पुनःपुन्हा आपटत पुढे जातो. साहजिकच तळ चिखलाचा की वाळूचा की खडकाचा, यावर ध्वनी किती शोषला जाईल हे ठरते. 'अर्नाळा' आणि 'माहे' यांसारख्या नौका याच पाण्यासाठी बांधल्या आहेत आणि नेमके हेच पाणी संगणकावर साकारण्यास सर्वात अवघड आहे.

त्यात मोसमी पावसाची भर. जूनमध्ये नैर्ऋत्य वारे सुटले की लाटांचा आणि पावसाच्या सरींचा गोंगाट वाढतो. पाण्याच्या थरांची रचना बदलते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जूनपासून किमान ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्यामुळे इतर वेळी सोनारच्या पडद्यावर गर्दी करणारा मच्छीमार नौकांच्या इंजिनांचा आवाज या काळात ओसरतो. बंदी उठताच तो परत येतो. कोकणच्या किनाऱ्यावरील कोणालाही ठाऊक असलेली ही गोष्ट आहे. पण आभासी समुद्राच्या दिनदर्शिकेत ती नसेल, तर तो समुद्र कोकणचा नव्हे.

या माहितीच्या संकलनाची परंपरा आपल्याकडे आहे, हे आवर्जून नमूद केले पाहिजे. १९६२ ते १९६५ या काळात झालेल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत नौदलाच्या 'किस्तना' या नौकेने भाग घेतला होता. याच मोहिमेतून पुढे १९६६ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्यात दोनापावला येथे तिचे मुख्यालय आहे. १९९४ पासून कोचीच्या प्रयोगशाळेची 'सागरध्वनी' ही नौका सागरी ध्वनिशास्त्राची मोजमापे करीत आली आहे. 'सागर मैत्री' मोहिमांत तिने 'किस्तना'च्या जुन्या मार्गांवरून पुन्हा प्रवास केला आहे. जगभरातील महासागरांत सोडलेले सुमारे चार हजार 'आर्गो' तरंगक साधारण दर दहा दिवसांनी दोन हजार मीटर खोलीपासून पृष्ठभागापर्यंतचे तापमान व क्षारता कळवितात. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था हिंदी महासागरातील या कामात सहभागी आहे.

अडचण आहे ती उथळ पाण्याची. 'आर्गो' तरंगक प्रामुख्याने खोल समुद्रासाठी आहेत. भूखंडमंचावरील तळाचे स्वरूप, तेथील ऋतुनिहाय थर आणि पार्श्वध्वनी यांची मोजणी जहाजांनी आणि तळाशी ठेवलेल्या उपकरणांनीच करावी लागते, आणि ती एकदा करून संपत नाही. केरळमधील इडुक्की जलाशयात कुळमावू येथे एप्रिल २०२४ मध्ये 'स्पेस' हा तरंगता-बुडता मंच सुरू झाला. सोनारची संवेदके शंभर मीटर खोलीपर्यंत सोडून तेथे तपासता येतात. सुविधा महत्त्वाची आहेच. परंतु गोड्या पाण्याच्या शांत जलाशयात उपकरणाची परीक्षा होते, समुद्राची होत नाही.

चुकीच्या सरावाचा धोका

सदोष सिम्युलेटर हा सिम्युलेटर नसण्यापेक्षा अधिक घातक ठरू शकतो. मानवी कान फार चलाख असतो. गोंगाटाची तीच ध्वनिफीत दर तीस सेकंदांनी पुन्हा वाजत असेल, तर काही दिवसांत चालकाला ती पाठ होते. पाणबुडी अवतरताना यंत्र नकळत किंचितसा आवाज करीत असेल, तर चालक पाणबुडीऐवजी तो आवाज ओळखायला शिकतो. परीक्षेत त्याला उत्तम गुण मिळतात. प्रत्यक्ष समुद्रात मात्र तो खूणआवाज नसतो, आणि ही उणीव कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

हीच गोष्ट आता यंत्रांच्या बाबतीतही लागू होते. सोनारचे संकेत ओळखण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर करण्याकडे जगभर कल आहे. अशा प्रणालीला शिकण्यासाठी असंख्य नमुने लागतात. शत्रूच्या पाणबुड्यांची इतकी ध्वनिमुद्रणे कोणाकडेच नसतात. म्हणून ती संगणकावर तयार केली जातात. माणूस निदान शंका घेतो. यंत्र मात्र आभासी समुद्रातील प्रत्येक दोष निसर्गनियम समजून शिकते. सिम्युलेटरच्या सत्यतेचा प्रश्न त्यामुळे प्रशिक्षण शाळेपुरता मर्यादित राहिलेला नाही, तो थेट युद्धनौकेच्या नियंत्रणकक्षात पोहोचला आहे.

यात गोपनीयतेची गुंतागुंत आहे. आपल्या पाणबुडीची ध्वनिकुंडली हे राष्ट्रीय गुपित असते आणि ते तसे राहिलेच पाहिजे. परंतु गुपिताचे कवच साध्या सागरी माहितीवरही चढविले, तर विद्यापीठे आणि लहान उद्योग यांना काल्पनिक आकड्यांवर काम करावे लागते. वारा, पाऊस, कोळंबी आणि मच्छीमार नौका यांच्या आवाजात लपविण्यासारखे फारसे काही नाही. काय झाकायचे आणि काय खुले करायचे, याची रेषा विचारपूर्वक आखणे आवश्यक आहे.

मोजमाप कशाचे व्हावे?

प्रशिक्षणाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीची पाणबुडीविरोधी शाळा मुंबईत वर्सोव्याला 'मच्छलीमार' या नावाने होती. आज कोची येथे पाणबुडीविरोधी युद्धाचे आणि विशाखापट्टणमच्या 'सातवाहन' येथे पाणबुडीवरील प्रशिक्षण दिले जाते. नव्या नौकांच्या ताफ्यासाठी या शाळांवरील भार वाढणार, हे उघड आहे. अशा वेळी सिम्युलेटर किती घेतले, पडदे किती मोठे आहेत, खोली हुबेहूब नियंत्रणकक्षासारखी दिसते की नाही, यावर समाधान मानण्याचा मोह होऊ शकतो. तो टाळला पाहिजे.

खरी कसोटी सोपी आणि कठोर आहे. प्रत्यक्ष समुद्रावर सराव झाला की त्या दिवशीचे तापमान, खोली, वारा आणि नौकांचे मार्ग सिम्युलेटरला द्यावेत आणि तोच सराव तेथे पुन्हा घडवावा. खऱ्या समुद्रात पाणबुडी ज्या अंतरावर सापडली, साधारण त्याच अंतरावर ती आभासी समुद्रातही सापडते का? ज्या क्षणी ती निसटली, त्या सुमारास येथेही निसटते का? दोन्हींतील फरक नोंदवून यंत्र सुधारावे, आणि ही तुलना प्रत्येक ऋतूत, दोन्ही किनाऱ्यांवर व्हावी. सिम्युलेटर खरेदीच्या करारातच अशा तुलनेची अट असावी. त्याचबरोबर भूखंडमंचाच्या मोजमापासाठी वार्षिक तरतूद निश्चित असावी, कारण समुद्र बदलत राहतो. तापणाऱ्या अरबी समुद्राची दहा वर्षांपूर्वीची नोंद उद्याच्या सोनारचालकाची दिशाभूल करू शकते.

एका नौकेच्या किमतीच्या तुलनेत हा खर्च अल्प आहे. त्याचे समारंभ होत नाहीत, छायाचित्रे निघत नाहीत, म्हणून तो मागे पडण्याची भीती असते. पण हजारो टनांचे पोलाद समुद्रात उतरविल्यावर त्यावरील शेकडो माणसांचे प्राण अखेर एका सोनारचालकाच्या 'हा आवाज पाणबुडीचा आहे' किंवा 'नाही' या निर्णयावर विसंबून असतात. तो निर्णय घेण्याचा सराव त्याला ज्या समुद्रात मिळतो, तो समुद्र खोटा असला तरी त्याचा आवाज खरा असलाच पाहिजे.